जैतुनबीच्या अदबीची कहाणी

ऐका बायांनो, अदबीची कहाणी. आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीपाशी मशीद होती. तिथं लतीफमियाँ अत्तरवाला राहत होता. त्याची बायको जैतुनबी. घरात कुराण शरीफ होतं. जैतुनबीनं ते तीन वस्त्रांत बांधलं, उंच फळीवर ठेवलं. तिकडे पाठ करीना, तिकडे पाय करीना. पण उघडीही ना.

नगरात उस्ताद कमरुद्दीन होते. डोळे गेलेले, सगळं कुराण तोंडपाठ. दर जुम्म्याला, शुक्रवारी, लतीफमियाँच्या घरी येत, कुराण पढून जात.

एके जुम्म्याला उस्ताद आले. जैतुनबी उठली नाही. म्हणाली, "गालिचा नवा आहे, उस्ताद. पाय मातीचे आहेत. दारातच बसा." उस्ताद दारात बसले.

दुसऱ्या जुम्म्याला आले. तिनं त्यांना जोड्यांपाशी बसवलं. उस्ताद बसले, म्हणाले, "बाई, किताब उघडत जा. तिला वारा लागू दे."

"मी हात लावीत नाही. मी अदब राखते."

तिसऱ्या जुम्म्याला आले. तिनं कडीच काढली नाही. आतून म्हणाली, "घरात किताब आहे. पढणाऱ्याचं काय काम?" उस्ताद हसले, काठी टेकीत निघून गेले.

मग काय झालं? लतीफमियाँ आजारी पडला. ताप उतरेना, अन्न जाईना. हकिमानं मान हलवली. लतीफमियाँ म्हणाला, "जैतुन, जीव घाबरा होतो. कुराणातली यासीन ऐकव."

जैतुनबीनं हातपाय-तोंड धुऊन वजू केलं, किताब खाली घेतली. पहिलं वस्त्र सोडलं, माती पडली. दुसरं सोडलं, भुगा पडला. तिसरं सोडलं, आत वाळवी. तिनं कपाळ बडवलं. वाचता तरी कुठं येत होतं?

मग ती उठली, उस्तादांकडे धावली. मशिदीत पाहिलं, नाहीत. विहिरीवर पाहिलं, नाहीत. वेशीबाहेर चिंचेखाली पोरांना शिकवीत होते. तिनं पदर पसरला. "उस्ताद, चुकले. वसा सांगा. उतणार नाही, मातणार नाही."

उस्ताद म्हणाले, "वजू करावं, रोज किताब उघडावी, पान तरी पढावं. जीर्ण पान पायदळी येऊ देऊ नये, चांगल्या मातीत पुरावं. आलिम, जाणता माणूस, दारी आला तर उठून उभं राहावं."

"मला पढता येत नाही. या वयात शिकू?"

"भांडायला येतं ना? तेच तोंड आहे."

उस्ताद तिच्याबरोबर आले. दारात काठीनं चाचपलं, जोडे लागले. सवयीनं तिथंच बसू लागले. जैतुनबीला रडू कोसळलं. तिनं हात धरला, मातीच्या पायांनी गालिच्यावरून नेलं, धन्याच्या उशाशी उंच गादीवर बसवलं. आपण खाली बसली.

उस्तादांनी यासीन पढली. वाळवीनं खाल्लेली किताब म्हाताऱ्याच्या तोंडी शाबूत होती. लतीफमियाँचा श्वास संथ झाला. पहाटे घाम आला, ताप उतरला. त्यानं पेज मागितली.

जैतुनबी पाया पडू लागली. उस्तादांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया पडू नको. बरं करणारा तो अल्ला."

मग तिनं जीर्ण पानं पांढऱ्या कपड्यात गुंडाळून बागेत पुरली. नवी किताब आणली. उस्ताद गादीवर, ती खाली, बोट अक्षरावर. चुके, टोमणा खाई, पुन्हा पढे. फळीवर धूळ बसली नाही. घरात बरकत आली.

जैतुनबीला अदब उमजली, तशी तुम्हांआम्हांला उमजो. जसा तिच्या दारी आलिम परत आला, तसा तुमच्या दारी आलेला कधी विन्मुख न जावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ती इथं सुफळ झाली.