तांबडीपुढे नाचलेला मोर

पूर्वी हेमवती नगरात वज्रकेतू राजा राज्य करीत असताना (राज्य राणी करायची, सिंहासनावर तो बसायचा, एवढीच काय ती वाटणी) बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्म घेऊन त्याच्या पदरी अमात्य होता. शांत माणूस. दरबारात सगळे एकदम बोलू लागले की हा सुपारी कातरत बसायचा.

राजाच्या उपवनात मोर होते आणि त्यांची राखण सामा नावाच्या बाईकडे होती. सामा अंगानं भरलेली, गुडघ्यांनी खचलेली आणि जिभेनं कुणाच्या बापाला न ऐकणारी. तिला पोरबाळ नव्हतं. म्हणून ती सगळ्यांवरच पोरासारखी ओरडायची, त्यात सेनापतीही आला.

राजाला मोर हवे होते, पुष्कळ हवे होते. लांडोर मात्र आपली थोडी अंडी घालायची आणि त्यांच्यावर ठाण मांडून बसायची. मग राजाने हुकूम काढला: अंडी काढून घ्या, म्हणजे ती पुन्हा घालील, आणि काढलेली अंडी खुडूक कोंबडीखाली बसवा. हुकूम भारी हुशारीचा होता. अंडी मोजून झाली, अंड्यातल्याला काय वाटेल हे कुणी मोजलं नाही.

सामाने स्वयंपाकघरामागच्या अंगणातली तांबडी कोंबडी आणली. तांबडीने अंडी उबवली, पण त्यातलं पिल्लू जगलं एकच. त्या एकावर तिने असा जीव लावला, की कावळ्याने नुसती सावली टाकली तरी ती अंगावर धावून जायची. तिने त्याला उकिरडा उकरायला शिकवलं, धुळीत लोळायला शिकवलं, संध्याकाळी खुराड्यात शिरायला शिकवलं. पोर वाढत गेलं. पुढे पुढे तर त्याचं नुसतं डोकंच तिच्या पंखाखाली मावायचं. बाकीचा मोर बाहेर. पण दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तिसऱ्या वर्षी त्याला असा पिसारा फुटला, की बघणाऱ्याने तोंड मिटायला विसरावं. राजा खूश झाला. वसंतोत्सवाला सासरेबुवा येणार होते, सोबत तीन देखण्या लांडोरी भेट म्हणून घेऊन. त्या नगराची रीत अशी, की उत्सवाच्या दिवशी राजाचा मोर नव्या लांडोरींपुढे नाचला तर वर्ष चांगलं जायचं. राजाने सासऱ्याला आधीच कळवून टाकलं होतं, की असा नाच तुमच्या बापजन्मात पाहिला नसेल.

इकडे सामा उत्सवाचे दिवस बोटांवर मोजू लागली. आपला मोर स्वतःला कोंबडी समजतो, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. झाडावर बसव म्हटलं तर तो घाबरायचा. लांडोर दिसली की सामाच्या मागे लपायचा. शेवटी कुणी नाही असं बघून तिने पदर दोन्ही हातांनी पसरला आणि त्याच्यासमोर गिरक्या घ्यायला लागली.

"असं, सोन्या! असं फिरायचं. बघ की रे जरा!"

मोर मान वाकडी करून बघत राहिला आणि मग तिच्या पायाशी दाणे शोधू लागला. कुंपणापलीकडून बोधिसत्त्व चालला होता. तो थांबला.

"सामाक्का, लांडोरींचं माहीत नाही, पण मी मात्र मोहून गेलो."

"हसा, अमात्य, हसा! परवा माझी मान जाईल तेव्हाही हसा."

बोधिसत्त्व हसायचा थांबला. खुराड्यापाशी बसून त्याने तिच्याकडून सगळी हकीकत ऐकून घेतली.

उत्सव उजाडला. मंडप भरला. सासरेबुवा रेशमी शेला सावरून पुढे बसले. लांडोरी सोडल्या, मोर सोडला. मोराने लांडोरींकडे पाहिलं आणि अशी धूम ठोकली, की पुरोहिताच्या पाटावरचा नारळ गडगडत गेला. तो थांबला थेट मागच्या अंगणाच्या भिंतीशी. तिथे तांबडी धुळीत लोळत होती. मोराने तिच्यासमोर पिसारा उभारला आणि असा नाचला, असा नाचला, की काय सांगावं! तांबडीने एक डोळा उघडला, "कुक्" म्हटलं आणि पुन्हा लोळू लागली.

मंडपात हसण्याचा एकच गदारोळ उठला. सासरेबुवा तर शेला पडेपर्यंत हसले.

"जावईबापू," ते डोळे पुसत म्हणाले, "खरंच, बापजन्मात पाहिला नव्हता!"

राजा लालबुंद झाला. ताडकन उठून ओरडला, "आरं, ह्यो मोर हाय का शेणातला किडा! पिरगाळा त्येची मान! आन् त्या म्हातारीला येशीभाईर हाकला!"

सामा धावली. गुडघे विसरून धावली आणि मोराला पिसाऱ्यासकट कवेत घेऊन मटकन खाली बसली. सैनिक जवळ आले तसं तिने पदराने त्याचं डोकं झाकलं, तांबडी झाकायची तसं.

त्या दिवशी बोधिसत्त्वाला एक गाव इनाम मिळायचं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि उभा राहिला.

"महाराज, शिक्षेआधी एक विचारू? आता जी भाषा आपण बोललात, ती कोणत्या पंडितांनी शिकवली?"

राजाने पुरोहिताकडे पाहिलं, पुरोहिताने नारळाकडे.

"पंडितांनी वर्षानुवर्षं शुद्ध वाणी घोकवून घेतली," बोधिसत्त्व मऊपणे म्हणाला. "पण आपल्या आईसाहेब आपण तान्हे असतानाच गेल्या. मांडीवर घेतलं ते गवळवाड्यातल्या दाईने. म्हणून राग आला, की आपल्या तोंडून तीच बोलते. या मोराने अंडं फोडलं तेव्हा जिची ऊब मिळाली, ती त्याला जगात सगळ्यात सुंदर दिसते. यात त्याचा काय गुन्हा?"

"मग गुन्हा कुणाचा?"

"अंडी आईखालून काढा, हा हुकूम कुणाचा होता?"

राजा समोरच्या आंब्याकडे बघायला लागला. आंबा काही बोलला नाही. सैनिकांनी हळूच भाले खाली केले.

मग राजाने विचारलं, "दाई... आहे अजून?"

"आहे. डोळे गेलेत तिचे. पण आवाजावरून ओळखेल. फक्त शुद्ध बोलू नका, म्हणजे झालं."

राजा तसाच मंडप टाकून गवळवाड्याकडे चालू लागला. त्या वर्षापासून लांडोरींची अंडी लांडोरींखालीच राहिली. सामा उपवनातच राहिली आणि पूर्वीइतकीच ओरडत राहिली. तो मोर जन्मभर तांबडीपुढेच नाचला. त्याला सुधारायला कुणी गेलं नाही. बोधिसत्त्वाच्या इनामाचं मात्र त्या गडबडीत राहूनच गेलं, आणि त्यानेही आठवण करून दिली नाही.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा सांगितली ती विहारातल्या तंबक भिक्खूमुळे. तो लोहाराच्या भात्याशेजारी, लोहारणीच्या मांडीवर वाढलेला. कानात सांगायची गोष्टही टेकडीपलीकडे ऐकू जायची, आणि बाकीचे त्याची टिंगल करायचे. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "तेव्हाचा मोर हा तंबक. राजा म्हणजे त्याची सगळ्यांत जास्त टिंगल करणारा धनिय भिक्खू. सामा ही आजची वृद्ध भिक्खुणी, थेरी सुभूमा. आणि अमात्य मीच होतो."

"आणि भगवन्, तांबडी?" तंबकाने त्याच्या परीने हळूच विचारलं. झाडावरचे पक्षी उडाले.

शास्ता हसला. "ती तुझ्या गावी आहे, भात्यापाशी. थकली आहे. जाऊन भेटून ये."

धनियाने उठून तंबकाचं पात्र आणि चीवर आणून त्याच्या हातात दिलं. अमात्याच्या त्या जन्मात बोधिसत्त्वाने मैत्री पारमी, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, साधली.