जहागीरदारांच्या अंगणातील वाट

कृष्णाकाठच्या एका गावी आप्पासाहेब जहागीरदार आपला रिकामा भूखंड मध्यस्थावाचून विकत होते. कमलाक्का हिरेमठ तो पाहण्यास आल्या आणि गोंधळल्या. जागा चौरस, माती घट्ट. पण तीन बाजूंना परक्या भिंती आणि चौथीकडे आप्पासाहेबांचे अंगण!

“घर बांधल्यावर मी आत यायचे कोठून?”

“आमच्या अंगणातून. दिंडीदरवाजा तुम्हाला सदैव उघडा!”

“खरेदीखतात तसे लिहाल ना?”

आप्पासाहेबांच्या मिशा थरथरल्या. “जहागीरदारांकडे कागद मागता? आमच्या नुसत्या शब्दावर या गावात सोयरिकी जुळल्या आहेत, बाई!”

अक्का अधिकच गोंधळल्या. कागद मागावा तर थोरांचा अपमान. न मागावा आणि उद्या दिंडीला कुलूप पडले, तर स्वतःच्याच घरी जाण्याची चोरी. चुकते आहे कोण, हेच त्यांना उमगेना. अखेर त्या नम्रपणे म्हणाल्या, “बरे तर, शब्दच प्रमाण मानू. उद्या भूखंड माझ्या नावे करून द्या. किमतीचा मी शब्द देते.”

“वेडबिड लागले की काय? नुसत्या शब्दावर जमीन कोण देतो?”

अक्कांचा गोंधळ तत्क्षणी निवळला.

“मग नुसत्या शब्दावर वाट तरी कोण घेतो, आप्पासाहेब?”

खरेदीखतात पहिले कलम वाटेचे पडले.