हौसाचे तळे

मोहरवाडी म्हणजे ओढ्याच्या दोन्ही अंगांना मिळून साठ-सत्तर उंबऱ्यांचे गाव, आणि त्यातले निम्मे उंबरे माळ्यांचे. पण या लहानशा गावावर नारोबा महाराजांचा फार जीव. वर्षभर ते कुठेही फिरत असोत, माघातल्या दशमीला आणि चैत्रातल्या रामनवमीला मोहरवाडीच्या राममंदिरात त्यांचे कीर्तन ठरलेले. खांद्यावर घोंगडी, हातात टाळ, ओठांवर नाम. महाराज उभे राहिले की ओढ्यापलीकडचे धनगर मेंढरे वाघरात कोंडून धावत येत, आणि तान्ही मुलेसुद्धा रडायची थांबत, असे जुने लोक सांगतात.

या गावात साळूबाई नावाची माळीण राहात असे. नवरा कधीच गेलेला. मागे एकच लेकरू, हौसा. बारा वर्षांची, सावळी, बोलघेवडी. साळूबाई दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जाई, आणि हौसा परसात रमे. फुटक्या माठांच्या खापरांत तिने तुळशीची, झेंडूची, वांग्याची रोपे धरली होती. प्रत्येक रोपाशी ती बोले. “काल पाणी दिलं तरी मान का टाकलीस गं?” असे रोपालाच रागे भरे!

त्या वर्षीच्या माघ दशमीला कीर्तन संपले, लोक पाया पडू लागले. हौसाची पाळी आली तेव्हा महाराजांनी झोळीत हात घातला. कोण्या भक्ताने दिलेले वाळके बोंड हाती लागले. आत तीन काळ्या बिया खुळखुळत होत्या. त्या त्यांनी तिच्या तळहातावर ठेवल्या.

“हे काय महाराज?”

“कमळ आहे, बाळ.”

“हे? हा तर दगूड दिसतोय!”

महाराज हसले. “दगूड नव्हे. आत निजलंय.”

“मग मी परसात तळं खणते. रामनवमीला उठेल का हो ते? उठलं तर पहिलं फूल रामाला.”

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. नेहमीपेक्षा अंमळ जास्तच पाहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

हौसाने दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली. वीतभर खड्डा झाला असेल नसेल, तिला ताप भरला. काढे झाले, अंगारे झाले. सहाव्या दिवशी पहाटे साळूबाईची ओटी रिकामी झाली.

“कुमारिकेचे दिवस कोणी घालतं का?” असे भावकीतले म्हणाले. पण आईचे मन! दहाव्या दिवशी तिने ओढ्याकाठी भाताचा गोळा ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेना. ऊन चढले. साळूबाई हात जोडून म्हणाली, “हौसे, तुझं तळं मी पुरं करते. तुझं कमळ नवमीला रामाला वाहते. अडकू नको गं बाई, जा आता.” शब्द पुरा होतो न होतो तो कावळा उतरला, आणि घास घेऊन गेला.

त्या दिवसापासून साळूबाईला दुसरे काही सुचेना. दिवसभर खुरपायचे, आणि घरी आल्यावर लेकीचा खड्डा वाढवायचा. बैलगाडीच्या चाकाएवढे तळे झाले. चुना-विटा आणायला जवळ काय होते? ओढ्यातली चिकणमाती तिने पाटीपाटीने वाहिली आणि खड्ड्यात उतरून पायांनी तुडवली. ही माती मायलेकींनी मिळून तुडवायची ठरली होती. साळूबाई एकटीच तुडवत राहिली, आणि तुडवताना तिच्या डोळ्यांतले पाणी मातीत मिसळत राहिले. तुडवलेली माती बसली, पाणी ठरले. होळीच्या दिवशी तिने त्या तीन बिया तळाच्या गाळात ठेवल्या. काठाने हौसाची रोपे लावली.

शेजारी केरबा बनकराचे घर. बाग लावावी तर केरबाने, असा पंचक्रोशीत त्याचा लौकिक. हातात कसब होते यात शंका नाही, पण ते कसब डोक्यात गेले होते. रामनवमीसाठी मंदिराच्या आवारात दगड-चुन्याचा हौद बांधायचे काम पंचांनी त्यालाच दिले होते. हौदात कमळे फुलवून महाराजांना दाखवायची आणि त्यांच्या तोंडून शाबासकी घ्यायची, हे त्याने मनाशी धरले होते.

तो कुंपणावरून डोकावला. “काय गं साळू, म्हशीला डुंबायला केलंस का?”

“नाही दादा. हौसाचं तळं आहे. कमळ लावलंय.”

“बी कानशीनं घासलंस का?”

“कानशीनं?”

“अगं, कमळाचं बी म्हणजे लोखंड! टोक घासून आतला पांढरा गर दिसला पाहिजे, तर पाणी आत जाईल. नाहीतर सात वर्षं पडलं तरी तसंच. माळ्याच्या घरची ना तू?”

साळूबाई घाबरली. “दादा, ते महाराजांच्या हातचं आहे. प्रसादाला कानस कशी लावू?”

केरबाच्या मागे त्याचे दोन गडी उभे होते, ते हसले. मग केरबाही हसला, पण त्याला ते लागले होते. मी सांगतो आणि ही नाही म्हणते! “बरं बरं. मग रामालाच सांग, येऊन घासून जा म्हणावं!”

बायाबापड्यांनी साळूबाईला समजावले. एक म्हातारी म्हणाली, “केरबाच्या हौदातलं एक फूल माग नि वाहून टाक बाई.”

“ते हौसाचं कसं होईल, आत्या?” एवढेच ती म्हणाली.

रंगपंचमीला आळीतला आड आटला, ओढाही कोरडा पडला. प्यायचे पाणी लांबून आणायचे, तिथे तळ्याला कुठले? चार दिवसांत तळ्याच्या कडा उघड्या पडल्या, माती भेगाळू लागली. साळूबाई घागर घेऊन मंदिराच्या आवारात गेली. गाड्यांनी लांबून आणलेल्या पाण्याने हौद काठोकाठ भरलेला होता. ती केरबापुढे उभी राहिली, पण बोलायच्या आधी रडूच आले.

आता हे पाणी कसले होते? नव्या चुन्याच्या हौदात पहिले पाणी भरतात ते फक्त चुन्याचा दाह उतरवण्यासाठी. दोन-तीन दिवसांनी ते फेकून द्यायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा फेकायचे. असे सात वेळा केल्यावर मग त्यात मासा जगतो. पहिले पाणी तर असे की हात घातला तर कातडी चरचरावी. केरबाला हे ठाऊक नव्हते काय? तो ते पाणी फेकायलाच निघाला होता.

त्याने रडणाऱ्या साळूबाईकडे पाहिले. सांगावे असे त्याच्या जिभेवर आले. पण कुंपणापाशी ती नाही म्हणाली होती, ते आठवले.

“ने की,” तो म्हणाला. “हवं तेवढं ने.”

“देव तुमचं भलं करो, दादा!”

दिवस मावळेपर्यंत ती घागरी वाहात होती. हाताला आग होत होती. घागरीच्या काठाने घासले असेल, असे तिने मनाशी म्हटले.

तिसऱ्या दिवशी तुळशीची पाने कडेने करपली. मग झेंडू गेला. वांग्याची रोपे उभ्या उभ्या वाळली. पाण्यावर पांढरट साय धरली. हौसाच्या हातचे एकेक रोप तिच्या डोळ्यांदेखत गेले, आणि ती माउली एकेकाला ओंजळीत धरून बसे. पाण्याचा संशय तिच्या मनाला शिवलादेखील नाही. ‘माझाच हात वाईट. नवरा राहिला नाही, पोर राहिली नाही, रोपं कुठून राहतील?’ असे म्हणे आणि रडे. पाडवा आला, पण तिने गुढी उभारली नाही.

रामनवमीचा दिवस उजाडला. मंदिराला आंब्याची तोरणे, चौघडा, पताका. केरबाने हौदाचे सातवे पाणी बदलून दूरच्या तलावातली कळीदार कमळे त्यात आणून लावली होती. नवे धोतर नेसून, पागोटे बांधून तो हौदाशी उभा. महाराज वेशीत आले. लोकांनी जयजयकार केला. महाराजांनी सगळ्यांना हात जोडले, हौदावरून पुढे गेले, आणि मंदिराची पायरी न चढता थेट माळआळीकडे वळले. सगळे गाव गोंधळून मागे निघाले. केरबाही निघाला.

साळूबाई तळ्याच्या काठी बसली होती. महाराजांना पाहून उठायचेही भान तिला राहिले नाही.

“महाराज, मी तुमचा प्रसाद घालवला. पोरीला शब्द दिला होता, तो गेला. तिची रोपंसुद्धा राखता आली नाहीत मला.”

महाराज तिच्या शेजारी मातीत बसले. पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावले. त्यांचा चेहरा आक्रसला.

“पाणी कुठलं गं हे?”

“केरबादादांनी दिलं. आड आटला होता. हौदातलं दिलं बघा, एक शब्द न बोलता. तेवढा एक माणूस माझ्या उपयोगी पडला, महाराज.”

गर्दीत माळी होते, गवंडी होते. पुष्कळांच्या माना खाली गेल्या. केरबाला वाटले, धरणी फाटावी. शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या, पण हे आभार!

महाराज मागे न वळता म्हणाले, “केरबा, इकडे ये. तळात हात घाल, आणि बी काढ.”

केरबा गुडघ्यांवर बसला. कोपरापर्यंत हात बुडवला. सगळे जळून गेले असणार, हे त्याला ठाऊक होते. पहिले बी हाती लागले, ते कुजलेले. दुसरेही तसेच. तिसऱ्याला बोट लागले आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याने बी वर आणले. लोखंडासारखे ते कवच चुन्याच्या पाण्याने खाऊन खाऊन मऊ पडले होते, उकलले होते. आणि त्या फटीतून हिरवा, नखाएवढा कोंब डोकावत होता!

“प्रसादाला कानस लावायची नाही, असं ही म्हणाली,” महाराज शांतपणे म्हणाले. “मग देवाला ती तुझ्या हातून लावावी लागली. ठेव ते परत.”

केरबाने ते गाळात ठेवले. महाराजांनी आपल्या कमंडलूतले पाणी तळ्यात ओतले आणि टाळ उचलला. “जय जय राम!” परसातच नामघोष सुरू झाला. हौदाकडे कोणी गेले नाही, चौघडेवालेही इकडेच आले. नामाला रंग चढला. पाण्यावरची साय फाटली, खालचे पाणी आरशासारखे निघाले. एक पान वर आले, उलगडले आणि पाण्यावर टेकले. सूर्य माथ्यावर येत असता पानाशेजारून देठ वर आला, त्यावर इवलीशी कळी. आणि मंदिरात रामजन्माची घंटा झाली त्याच क्षणी ती उमलली. लिंबाएवढे फूल, फिकट गुलाबी. काय सांगावा तो सोहळा! दांडगे दांडगे पुरुष पोरांसारखे रडू लागले.

“खूड साळू,” महाराज म्हणाले. “वेळ झाली.”

साळूबाईने हात पुढे केला, आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला. देठापर्यंत बोटे जात, पण मिटत नव्हती.

“महाराज, आजचा दिवस राहू दे. उद्या वाहते. हे वाहिलं की तिचं काहीच उरत नाही माझ्याजवळ.” मग एकदम त्यांचे पाय धरून ती म्हणाली, “ज्यानं फूल दिलं तो देऊ शकत नाही का हो तिला?”

नारोबा महाराजांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “बाई, फूल मागितलं, त्यानं दिलं. पोर मागायचा अधिकार मलाही नाही. तुझं दुःख मी नेऊ शकत नाही. तुझ्याबरोबर मंदिरापर्यंत चालू शकतो.”

साळूबाईने डोळे मिटून फूल खुडले. महाराज तिच्या एका अंगाला, गाव मागे. रामाच्या चरणी ते ठेवताना ती हळूच म्हणाली, “हौसाकडून.” आणि तिचे दोन्ही हात रिकामे झाले.

ती बाहेर आली तेव्हा पायरीवर केरबा आडवा झाला होता. पागोटे काढून बाजूला ठेवलेले. “साळू, मी जाणून दिलं ते पाणी. दाहक आहे हे ठाऊक होतं. तू रडत होतीस, तरी दिलं. तुझ्या पोरीची रोपं मी मारली.”

एकच गलका झाला. “वाळीत टाका याला!” पंचांपैकी एक ओरडला. महाराजांनी हात वर केला. “गावानं बोलू नये. ज्या आईचं गेलं ती बोलेल.”

साळूबाईने त्याच्याकडे पाहिले.

“दादा,” ती म्हणाली, “रोपं तिनं तळहातावर वाढवली होती. ते मी विसरणार नाही, खोटं कशाला बोलू? पण एक मागते. हौसा गेल्याला दोन महिने होत आले. मला वाईट वाटेल म्हणून गावात तिचं नाव कोणी घेत नाही. मी आले की बायका बोलायच्या थांबतात. जणू ती झालीच नव्हती. तुम्ही एकदा तिला हाक मारा. कुंपणावरून मारायचात, तशी.”

केरबाने साळूबाईच्या पायांशी दगडावर कपाळ टेकले आणि टेकलेल्या कपाळानेच तो मोठ्याने म्हणाला, “हौसा! ए हौसाबाई!”

माघापासून दाबून दाबून रडणारी ती आई त्या हाकेसरशी पहिल्यांदा मोकळ्याने रडली. महाराज तिच्याशेजारी उभे राहिले. कीर्तनाची वेळ टळून गेली, तरी ते उभेच होते. त्या माउलीला, तिच्या लेकीला, आणि तिच्यापुढे वाकलेल्या त्या कपाळालाही आपला नमस्कार असो.