फळ्यावरचा पडदा

एका टेकडीवर एक संस्था होती. तिथे ना यंत्रं होती, ना प्रयोगशाळा. माणसं, कागद, खडू आणि फळे, एवढाच सगळा पसारा. तारे कसे जन्मतात आणि कसे मरतात, हे तिथली मंडळी खुर्चीत बसून गणिताने शोधून काढत. यांना पगार कशाचा मिळतो, हे टेकडीखालच्या लोकांना कधी कळलं नाही.

या संस्थेत एक रिवाज होता. कुणाला नवं उत्तर सापडलं, की तेच गणित दुसऱ्या कुणीतरी पहिल्यापासून करायचं. पहिल्याचं उत्तर काय आलं, हे दुसऱ्याला कळता कामा नये. मग ठरलेल्या दिवशी सभागृहातल्या लांबलचक फळ्याच्या मधोमध पडदा लावत. दोघं दोन बाजूंना आपापलं उत्तर लिहीत आणि सगळ्यांसमोर पडदा सरकवला जाई. उत्तरं जुळली तरच शोधनिबंध छापायला जायचा. तोवर ती दोघं एका टेबलावर जेवतसुद्धा नसत.

हा रिवाज पाडला होता त्र्यंबक लोंढे यांनी. लोंढेसर संस्थेतले सर्वांत जुने. विझलेला तारा किती वेगाने निवतो, या एका प्रश्नामागे त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. निवृत्ती तोंडावर आली आणि उत्तर हाती आलं. पडताळणीचं काम आलं वैजयंती खोत हिच्याकडे. ही सरांचीच विद्यार्थिनी. तिचा पहिला मार्गदर्शक तिला वाऱ्यावर सोडून परदेशी गेला, तेव्हा सरांनीच तिला हात दिला होता. सरांसाठी ती काहीही करायला तयार होती, आणि पुढची सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

तेवढ्यात बातमी आली, की परदेशातले काही शास्त्रज्ञ याच गणिताच्या शेवटाशी पोहोचले आहेत. संचालक प्रभुदेसाई घायकुतीला आले. पडदा उघडण्याचा दिवस त्यांनी अलीकडे ओढला आणि वर्तमानपत्रांना आमंत्रणं धाडली. कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यांनी सरांना खोदून खोदून विचारलं. शेवटी ज्या माणसाने रिवाज पाडला, त्यानेच उत्तर बोलून टाकलं. मागच्या टेबलावर वैजयंती पाठमोरी बसली होती. तिला सगळं ऐकू आलं.

नियमाप्रमाणे तिने तिथल्या तिथे उठून सांगायला हवं होतं, की मी ऐकलं, आता हे काम दुसऱ्याला द्या. पण दुसरा माणूस पहिल्यापासून गणित करायला बसला तर महिनेच्या महिने जाणार, परदेशी मंडळी पुढे निघून जाणार, आणि सर रिकाम्या हाताने निवृत्त होणार. ती गप्प राहिली. ही तिची चूकच, आणि लहान नव्हे.

तिचं गणित संपलं. वेग आला सरांच्या बरोबर निम्मा. ती स्वतःची चूक शोधायला बसली आणि चूक सापडलीही. ताऱ्यातले कण स्वतःभोवती दोन तऱ्हांनी फिरतात, म्हणून शेवटी दोनाने गुणायला हवं. ते आपल्याकडून राहिलं असावं. तिने गुणलं. उत्तर सरांच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं. तिला एवढं हायसं वाटलं, की तिने पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

पण ते हायसं वाटणं टिकलं नाही. आपलं उत्तर सुरुवातीलाच जुळलं असतं, तर आपण चूक शोधायला बसलो असतो का? आणि त्या दोन तऱ्हा पहिल्या समीकरणातच धरलेल्या असतील तर? ती मागे जाऊन पाहू लागली. गुंता असा, की एकदा धरल्यासारख्या वाटत, एकदा न धरल्यासारख्या. तिचा स्वतःच्या नजरेवरच भरवसा उरला नाही. नजरेला काय हवं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ठरलेला दिवस उजाडला. सभागृह गच्च भरलं. वैजयंती फळ्याकडे निघाली, तेव्हा प्रभुदेसाई तिच्या कानाशी आले.

“खोत मॅडम, आज सरांचा दिवस आहे. एवढं लक्षात असू द्या.”

पडद्यापलीकडून सरांच्या खडूचा आवाज येत होता. मग तो थांबला. तिचा खडू घामाने ओला झाला होता. तिच्याकडे आता दोन उत्तरं होती आणि लिहायचं होतं एक. ज्या माणसाने आपल्याला हात दिला, त्याला भरसभेत खाली पाहायला लावायचं, या विचारानेच तिला रडू येत होतं. तिने एक आकडा लिहिला आणि ती बाजूला झाली.

पडदा सरकला. वैजयंतीचा आकडा सरांच्या निम्मा होता.

सरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि ते तिच्याजवळ आले.

“वैजू, तुझा दोन राहिला कुठेतरी.”

“तो घालून पाहिला, सर,” ती म्हणाली. “तुमचं उत्तर मी कॅन्टीनमध्ये ऐकलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. ते ऐकलं नसतं, तर दोन शोधायला मी गेलेच नसते. माझं म्हणून जे आलं, ते हे आहे.”

प्रभुदेसाई ताडकन उठले. नियम मोडला आहे, तेव्हा ही पडताळणी रद्द, सरांचाच आकडा जाहीर करू, असं ते सांगू लागले. सरांनी हाताने त्यांना खाली बसवलं. मग खडू घेऊन ते आपलं गणित पहिल्या ओळीपासून फळ्यावर मांडू लागले. बराच वेळ नुसता खडूचाच आवाज येत राहिला. दोनाने गुणायची जागा आली आणि सरांचा हात थांबला. ते मागे गेले, पहिल्या ओळीपाशी उभे राहिले. कणाच्या दोन्ही तऱ्हा तिथेच धरलेल्या होत्या. शेवटी त्यांनी त्या पुन्हा एकदा धरल्या होत्या.

हे सभागृहात अजून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. फळा पुसून, गणित पुढच्या आठवड्यात दाखवतो, असं म्हणून सर मोकळे होऊ शकले असते. पण त्यांनी डस्टर उचललं आणि फक्त तो दोन पुसला.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “तरुणपणी या गणिताची पहिली, ढोबळ मांडणी केली, तेव्हा माझंही उत्तर निम्मंच आलं होतं. माझ्या गुरूंचा अंदाज मला माहीत होता. तो जुळेपर्यंत मी चूक शोधत राहिलो. जुळला, पेढे वाटले आणि शोधणं थांबवलं. तोच दोन पुढे या गणितातही तसाच राहिला.”

वार्ताहर उठून गेले. आता दोघांचे आकडे सारखे होते, पण पडदा उघडल्यावर जुळलेलं उत्तर त्या संस्थेत धरत नसत. गणित तिसऱ्याकडे गेलं. ते होईतो परदेशी मंडळींचा निबंध छापून आला. त्यांचाही वेग वैजयंतीइतकाच होता. संस्थेची अब्रू वाचली. सर मात्र नाव न होताच निवृत्त झाले, आणि याचं वैजयंतीला मनापासून वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी तिला एक नवं उत्तर सापडलं. पडताळणी कोण करणार, असं विचारल्यावर तिने सरांचं नाव सांगितलं. सर काठी टेकत टेकडी चढून रोज येऊ लागले. कॅन्टीनमध्ये जाऊन ते चहाचा कप घेत, कुणाशी न बोलता खोलीत परतत आणि दार आतून लावून घेत. त्यांना एकट्याने चहा मुळीच आवडत नसे. तरी पडदा उघडेपर्यंत ते तसाच पीत राहिले.

तात्पर्य: हवं ते उत्तर मिळताच जो शोध थांबवतो, तो स्वतःलाच फसवतो, म्हणून मनाविरुद्ध आलेलं उत्तर आपण जेवढं कसून तपासतो, तेवढंच मनासारखं आलेलंही तपासावं.