चार पानांत उरलेली ओळ

एका वैद्यांची मुलगी एकदा आपल्या वृद्ध गुरुजींकडे चार पानांचे पत्र घेऊन आली. पत्र होते एका वकिलासाठी. पण धाडण्यापूर्वी ते गुरुजींच्या नजरेखालून जावे, एवढीच तिची इच्छा. लहानपणी संस्कृत तिने त्यांच्यापाशीच गिरवले होते आणि गुरुजींच्या शुद्धलेखनाचा धाक माणसाला पन्नाशीतही सोडत नाही.

घडले होते ते असे. वडील वारले, मृत्युपत्र उघडले, तर घराची आणि सगळ्या वाटणीची जबाबदारी त्यांनी मुलीवर नव्हे, मुलावरही नव्हे, एका वकिलावर सोपवलेली. वकिलाने घराला कुलूप लावले, सामानाची यादी करायला घेतली आणि आठ महिने उलटले तरी विचारावे तेव्हा उत्तर एकच, ‘काम चालू आहे.’ परगावी असलेल्या भावाचा दर रविवारी फोन येई आणि बहीणभाऊ मिळून वकिलाच्या नावाने बोटे मोडीत. पण वडिलांचे दुखणे काढले होते हिने. त्यांच्याच घरात शिरायला आता परक्याची परवानगी घ्यायची, हे तिच्या जिवाला फार लागले होते.

“बघा गुरुजी, कुठे कमी तर पडलं नाही ना?”

गुरुजींनी चष्मा चढवला, लाल पेन्सिल घेतली आणि ओळीमागून ओळ खोडू लागले. ‘आठ महिने तुमच्या कचेरीचे उंबरठे झिजवते आहे’, खोडले. ‘शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी मी होते, तुम्ही नव्हे’, खोडले. ‘परक्याच्या हाती किल्ली द्यावी इतकी मी काय नालायक ठरले’, यावर पेन्सिल क्षणभर थबकली, मग तेही खोडले. इतके पोटतिडकीने लिहिलेले, आणि हे आपले निबंध तपासत बसलेत! तिला रागही आला आणि रडूही.

शेवटी एकच ओळ उरली. ‘बाबांच्या पोथ्यांना दसऱ्यानंतर ऊन दाखवावे लागते, यंदा राहिले तर त्यांना कसर लागेल.’

पोथ्यांचे रुमाल सोडायचे, पाने अंगणात पसरायची, वेखंडाचे तुकडे घालून पुन्हा बांधायची. चाळीस वर्षे हे काम बापलेकीचे होते.

“एवढीच ठेवायची?” तिने विचारले.

“वकिलाला लिहिलेली एवढीच आहे, पोरी,” गुरुजी म्हणाले. “बाकीचं सगळं तू बाबांना लिहिलं आहेस. त्याचं उत्तर तो बिचारा कुठून देणार? गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून समोर सापडेल त्याच्याशी आपण भांडतो. तो दिरंगाई करत असेल तर जाब विचार, अवश्य विचार. पण जे त्याच्या हातात आहे तेच त्याच्याकडे माग.”

तिने ती एक ओळ नव्या कागदावर उतरवून धाडली.

तिसऱ्या दिवशी वकील स्वतः किल्ली घेऊन आला. “पोथ्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं, ताई,” तो ओशाळून म्हणाला. “यादीत नुसतं ‘जुने कागद, दोन पेट्या’ असं लिहिलंय.” मग स्वतःच एक पेटी उचलून त्याने अंगणात आणली.

पाने उन्हात पसरली. एका रुमालाची घडी घालत वकील म्हणाला, “मृत्युपत्र करताना मी तुमच्या वडिलांना विचारलं होतं, मुलगी एवढी कर्ती आहे, तिलाच का नेमत नाही? तर म्हणाले, ‘तिला नेमलं तर भावाला बहिणीच्या दारात मागायला उभं राहावं लागेल. एकदा का ती नाही म्हणाली की जन्माची अढी. शिव्या खायला परका माणूसच बरा.’”

वेखंडाचे तुकडे करता करता तिचा हात थांबला. आठ महिन्यांत ती या माणसाशी कितीदा भांडली होती, याची गणतीच नव्हती.

भावाशी मात्र एकदाही नाही.

तिने डोळे पुसले आणि उठून वकिलासाठी सावलीत सतरंजी अंथरली.