पश्चिमेच्या खिडक्या

"मग चुकलं कुठे, बाई?"

निनादने हे तिसऱ्यांदा विचारलं. रेगेबाई सूप मांडीवर घेऊन शेंगा सोलत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी वास्तुकला शिकवली. आम्ही दोघं त्यांच्याच हाताखाली शिकलेले. मी शेजारी बसलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मनातून जरा बरं वाटत होतं. निनाद कधी चुकलेला मी पाहिलाच नव्हता.

"नीट सांग," बाई म्हणाल्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी मुलींचं वसतिगृह, निनादने बांधलेलं. एसी नाही, कूलर नाही, नुसत्या वाऱ्यावर गार राहणारं. आधी सगळी इमारत कॉम्प्युटरवर उभी केली. इंजिनिअर, प्लंबर, वायरमन, ठेकेदार, वसतिगृहाच्या अधीक्षिका रुख्माबाई पाडवी, सगळे एकाच मॉडेलभोवती बसत. एकाने पाइप हलवला की दुसऱ्याला लगेच दिसे, आपल्या तुळईला धक्का लागतोय.

"बाहेर चव्वेचाळीस असताना आत तेहतीस दाखवत होतं," निनाद म्हणाला.

"आणि प्रत्यक्षात?"

"भट्टी."

"का रे?"

"वारा पश्चिमेच्या खिडक्यांतून यायचा होता. रुख्माबाईंनी त्यांना पत्रे ठोकले. त्या बाजूला हातपंप आहे, दिवसभर पुरुषमाणसांची ये-जा. मुलींना कपडे बदलता येईनात."

"मग?"

"एप्रिलमध्ये उकाडा सोसेना म्हणून अकरा मुली घरी गेल्या. आठच परत आल्या..." तो अडखळला. "सुमित्रा वळवी दहावीत होती. तिचं आता लग्न ठरलंय म्हणे."

माझं बरं वाटणं तिथेच संपलं. लाज वाटली मला.

"रुख्माबाई बैठकांना नसायच्या का?"

"प्रत्येक बैठकीला असायच्या, बाई! हातपंप मॉडेलमध्ये नव्हता, मान्य. पण त्यांनी तोंड उघडायचं की नाही? मी दर वेळी विचारायचो, काही अडचण? तर म्हणायच्या, चांगलं आहे साहेब."

बाईंनी पदराला हात पुसले. "दाखव बघू ते."

निनादने टेबलावर लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर इमारत हळूहळू फिरू लागली. होती मात्र देखणी.

"पश्चिमेकडून बघू दे," म्हणत बाईंनी माउसकडे हात नेला.

"थांबा बाई, मी दाखवतो."

बोलायच्या आधीच त्याने माउस स्वतःकडे ओढला होता.

बाईंचा हात तसाच राहिला, टेबलावर, रिकामा. मग त्यांनी तो मागे घेतला.



निनादचा चेहरा उतरला. तो त्या हाताकडेच बघत होता.

"रुख्माबाईंनी एकदा स्क्रीनला बोट लावलं होतं," तो अगदी हळू म्हणाला. "इथेच. पश्चिमेला. काहीतरी सांगत होत्या. मी म्हटलं, मावशी, हात नका लावू, डाग पडतो... त्यानंतर त्या मागच्या खुर्चीवर बसायला लागल्या."

आता बाई चांगल्याच झापणार, असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाच वर्षं तू माझ्या टेबलाशी उभा असायचास," त्या म्हणाल्या. "तुझी रेघ चुकली की मी पेन्सिल काढून घ्यायचे आणि स्वतःच काढून दाखवायचे. परत दिली का रे कधी?"

"असं काय बोलता? तुमच्याकडूनच तर सगळं शिकलो."

"तेच म्हणतेय मी."

तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "सुमित्रा येईल का हो परत?"

बाईंनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. 

"उद्याच निघतो," निनाद उठला. "खिडक्या बदलून नवं मॉडेल करतो. रुख्माबाईंना दाखवतो."

"दाखवू नकोस. त्यांच्या हातात दे."

"अहो, पण त्यांना ते चालवता येत नाही, बाई! एखादं बटण चुकीचं दाबलं तर सगळं बिघडेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"इमारत बिघडली, तेव्हा बटणं कोण दाबत होतं रे... आपणच ना?"