मालकांची काळीभोर मिशी

सर्जेराव डफळ्यांच्या रांगोळीच्या गिरणीत पांढरा दगड दळला जाई आणि तिथल्या बायका संध्याकाळी भुतासारख्या पांढऱ्या होऊन घरी जात. गजराबाईच्या जावेला तर खोकल्यानं झोप येईना. धूळ ओढणारा पंखा बसवा, म्हणून गजराबाई मालकांच्या मागंच लागली.

"कुठली धूळ? मला तर दिसत नाही!" काचेच्या केबिनमधून मालक म्हणायचे. "दाखव, दुसऱ्या दिवशी पंखा लावतो."

खंडेनवमीला यंत्राची पूजा करून मालकांनी बटण दाबायचं आणि पहिलं पोतं भरेस्तोवर तिथंच बसायचं, अशी गिरणीची रीत. एरवी सर्जेराव बटण दाबून पळ काढत. यंदा गजराबाईनं आदल्या दिवशीच सांगितलं, "मालक, फोटोवाला बोलावलाय हं." मग काय! मिशीला ताजा कलप लावून स्वारी यंत्रापुढं ऐटीत बसली.

पोतं भरलं आणि फोटोवाला आत आला. म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला सरका. मालकांचा फोटो काढायचाय."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मालकांनी केबिनच्या काचेत पाहिलं, तर भुवयांसकट मिशी पांढरीफेक! रुमालानं ती खसाखसा पुसत ते गरजले, "त्यात काय एवढं? पुसली की गेली!"

"मिशी बाहेर आहे मालक, म्हणून पुसता आली," गजराबाई म्हणाली. "छातीत रुमाल कुठून घालायचा?"

सर्जेराव फणकाऱ्यानं उत्तर द्यायला गेले, तर त्यांनाच खोकल्याची उबळ आली. ती थांबता थांबेना.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. गिरणीत आपट्याच्या पानांआधी पंखा आला.